माल : घरचा

"साऱ्या मुलखाच्या गाड्या तोलतोय, आन् घरात मीठ किती आनायचं ते कळंना!"

आक्काचं, म्हणजे माझ्या आजीचं, हे वाक्य आमच्या घरात अजून फिरतं. कुणाचा अंदाज चुकला की ते निघतं. त्याचे मूळ मानकरी आबा. पुणे-बंगळूर रस्त्यावर, कोल्हापूर यायच्या थोडं अलीकडं, एका शेटजींचा वजनकाटा होता. त्यावर आबा पस्तीसेक वर्षं बसले. मीठ आणायला सांगितलं की एक तर पुडी आणायचे, नाही तर पोतंच. मधलं माप त्यांना घरात कधी जमलं नाही. आक्का अस्सल कोल्हापुरी बोलायची, "मी जातो, मी आलो" असं. माझी आई कोकणातली. लग्नानंतरचे पहिले सहा महिने तिला वाटायचं, सासूबाई सासऱ्यांची नक्कल करताहेत.

काट्याच्या आधी आबा कोल्हापूरच्या गूळबाजारात तोलाईदार होते. शाहूमहाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी शाहूपुरी वसवली आणि गुळाची पेठ तिथं रुजली. तिथला गूळ पार गुजरातपर्यंत जायचा, अजूनही जातो. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघत आणि त्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून जात. तीस किलोचा गुळाचा रवा त्यांच्यापुढं ठेवला की ते आधी नुसता हात लावत, मग वास घेत, आणि गुऱ्हाळ कुठल्या गावचं ते सांगत, असं बाबा सांगायचे. यातलं वासाचं खरं किती आणि आबांनी गुळव्याकडून आधीच विचारून घेतलेलं किती, देव जाणे. पण आबा घरी आले की त्यांच्या कोटाच्या खिशात गुळाचा फुटका खडा असायचा आणि त्याला तंबाखूचा वास यायचा, हे मात्र मी स्वतः चाखलेलं आहे.

त्या बाजारात त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा कायदा त्यांना भेटला. १९५७ च्या एप्रिलात आणे जाऊन नवे पैसे आले. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून किलो यायला लागला, आणि १९६२ च्या एप्रिलपासून तर शेर-मणाला बाजारात जागाच उरली नाही. शेतकरी गोंधळले. मण म्हणजे चाळीस शेर हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलेलं. आता त्याचे सदतीस किलो आणि वर काही ग्रॅम. मधले किलो कुणी खाल्ले, अशी शंका येणारच. आबांनी त्यावर एक तोंडी हिशेब काढला होता. कुणी विचारलं, "किलो म्हंजे काय वं?" की ते सांगत, "शेरावर छटाक, आन् छटाकावर पाऊण तोळा." मी मोठेपणी हे करून पाहिलं. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, छटाक ५८ ग्रॅमची. हजारातून दोन्ही वजा केलं की साडेआठ ग्रॅम उरतात. पाऊण तोळाच की! मराठी चौथी शिकलेल्या माणसानं हे पाटीवर केलं होतं, का कुणा गुजराती व्यापाऱ्याच्या मुनिमानं त्यांना सांगितलं होतं, ते विचारायचं राहून गेलं.

आक्कानं मात्र किलो घरात घेतला नाही. जोंधळा पायलीनं, दूध शेरानं, सोनं तोळ्यानं. सोन्याच्या बाबतीत सारा देश अजून आक्काच्या बाजूला आहे.

रस्त्यावरच्या काट्यावर आबा आले ते १९६३ च्या सुमाराला. आता दिसतो तसा तो काटा नव्हता. आता सगळं काम पडद्यावरच्या लाल आकड्यांचं. तेव्हा रस्त्याकडेला पुरुषभर खोल खड्डा, त्यावर लोखंडी पाट, पाटाखाली तरफा. त्या तरफा सुरीसारख्या धारांवर टेकलेल्या. ट्रक पाटावर चढला की त्याचा भार एका तरफेकडून दुसरीकडं जात जात, कमी कमी होत, भिंतीतून खोलीत येई. आणि खोलीत आबांपुढं खुणा केलेली एक पितळी दांडी नि तिच्यावर सरकतं वजन. दहा-बारा टनांचा ट्रक बाहेर उभा, आणि आबा आत दोन बोटांनी ते वजन सरकवत त्याला तोलून धरताहेत. दांडी मधोमध तरंगायला लागली की ते श्वास रोखायचे. आम्हीही रोखायचो. मग चिठ्ठी.

पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचे. चिखलाचा थर तरफांना लागला की काटा जड होई, म्हणून दर आठवड्याला बादल्यांनी खड्डा उपसायचा. त्यात बेडूक असत. बाबा सांगायचे, एका वर्षी बेडूक धारेखाली सापडला आणि दिवसभर सगळ्या गाड्या हलक्या भरल्या. तात्या म्हणतात, बेडूक नव्हता, खडा होता. बेडूक बाबांनी गोष्टीत घातला. तात्या म्हणजे माझे धाकटे काका. त्यांच्याकडं येतेच.

वजनमाप खात्याचे इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येत. वीस-वीस किलोचे लोखंडी ठोकळे मांडून काटा तपासत आणि शिक्का मारत. त्या दिवशी आक्काकडून पुरणपोळी आणि कटाची आमटी जायची. साहेब जेवायला नको म्हणाले तरी जायची. एरवी आबांचा डबा साधा: भाकरी, झुणका, खर्डा, एखादा कांदा. पण डब्यात भाकऱ्या नेहमी चार-पाच जास्त, कारण काट्यावर रांगेत उभा असलेला एखादा क्लीनर पोरगा सकाळपासून उपाशी असायचाच. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती बातमी बाबांनी पेपरातून वाचून दाखवली तेव्हा आक्का म्हणाली होती, "त्यात काय यवडं? आमचा डबा कवापास्नं चालू हाय."

आबांना खोट्यांची फार माहिती होती. खोटं त्यांनी केलं नाही, पण ओळखायचं कसं ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एक चोरटा आनंद यायचा. रिकामी गाडी तोलताना ड्रायव्हर, क्लीनर नि त्यांचे दोन पाहुणे केबिनमध्ये बसायचे. भरल्यावर कोण बसतं कोण उतरतं याकडं नजर ठेवायची. स्टेपनी आहे का गेली? ताडपत्री कोरडी का भिजलेली? भिजलेली ताडपत्री माणसाएवढी भरते. डिझेलची टाकी, पाण्याचं पिंप, फाळक्याला बांधलेली साखळी, सगळं पाहायचं. आणि पाटावर चारी बाजूंनी चाकं पूर्ण चढलीत का, हे खिडकीतून न पाहता बाहेर जाऊन पाहायचं. माझ्या लहानपणी आबा दिवसातून पन्नास वेळा त्या खोलीतून आत-बाहेर करायचे. आक्का म्हणायची, त्यांना पंढरीची वारी काट्यावरच घडली.

खंडेनवमीला काट्याची पूजा असे. पाट धुऊन त्यावर झेंडूच्या माळा, दांडीला हळदकुंकू, नारळ. आणि मग आबांचा खास कार्यक्रम. साऱ्या घरादारानं पाटावर उभं राहायचं. आक्का, आई-बाबा, तात्या-काकू, आत्या माहेरी आली असेल तर तीही, आम्ही पोरं, तान्हं असेल तर तेही काखेत. आबा आत जायचे, दांडी तोलायचे आणि रजिस्टरात नोंद करायचे. गाडी नंबराच्या रकान्यात आडवी रेघ. 'माल' या रकान्यात 'घरचा'. आणि पुढं वजन. १९७९ सालचा आकडा मला पाठ आहे, ६४० किलो, कारण तेव्हा मी सात वर्षांची होते आणि माझं वजन त्यात वेगळं किती, म्हणून हट्ट करत होते. आबा म्हणाले, "काटा धाच्या खाली बोलत न्हाई. तुजं यकटीचं त्याला पटायचं न्हाई." मी एकटी पाटावर चढून उड्या मारल्या. दांडी थरथरली, असं मला वाटलं.

आक्का १९८८ च्या उन्हाळ्यात गेली. त्या वर्षीच्या खंडेनवमीला आम्ही सगळे पाटावर उभे राहिलो आणि आकडा मागच्या वर्षीपेक्षा दहा किलोनं जास्तच भरला. आम्ही पोरं त्या वर्षात ताडमाड वाढलो होतो. आबांनी दोनदा तोललं. मग तेच लिहिलं.

आता तात्या.

तात्या १९६७ पासून स्टिअरिंगवर. कुणी गाड्यांच्या गप्पा काढल्या की ते म्हणणार, "मी मर्सिडीज चालवलीय." पाहुणे चमकतात. खोटं नाही ते. १९५४ साली टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढले आणि १९६९ पर्यंत त्यांच्या नाकावर तो तीन पाकळ्यांचा तारा होता. तात्या दुसऱ्याच्या गाडीवर शिकले ती तशी होती. तो तारा कापडानं पुसायचं काम क्लीनरचं नसून आपलंच होतं, हे सांगताना ते अजून हातानं हवेत गोल पुसतात.

१९७८ साली त्यांनी कर्ज काढून स्वतःची १२१० घेतली. नाक पुढं आलेली, शेंदरी रंगाची. आबांनी नाव विचारलं तर तात्या म्हणाले, "बारा-धा." "ह्ये काय नाव झालं?" तेव्हा तात्यांनी उलगडून सांगितलं ते मला अजून आवडतं. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट गाडीचं एकूण वजन, बारा टन. पुढचे दोन इंजिनच्या ताकदीचे, शंभर-एक अश्वशक्तीच्या घरात. (पुढं ४०७ आली ती म्हणजे चार टन, सत्तर; १६१३ आली ती म्हणजे सोळा टन, एकशे तीस.) आबा खूष झाले. म्हणाले, "म्हंजे चिठ्ठी कपाळावरच की गाडीच्या!" मालट्रकांच्या वजनाचे कायदे कसे बदलत गेले हे पाहायला मला कधी राजपत्र उघडावं लागलं नाही. हायवेवर उभं राहून गाड्यांची नाकं वाचली तरी पुरे. १२१० गेल्या, १६१३ आल्या. १९९६ च्या अधिसूचनेनं दोन एक्सलच्या सहाचाकीला १६.२ टन, दहा टायरला २५, बारा टायरला ३१ टन ठरवून दिले. रस्त्यावर २५१८ आणि ३११८ यायला लागल्या. २०१८ मध्ये मर्यादा वाढली, तेव्हा त्याच गाड्या वर्षभरात २८१८ आणि ३५१८ होऊन आल्या.

पण हे झालं कागदावरचं नि नाकावरचं. गाडीचं 'पासिंग' एक आणि भरती दुसरी, हे गाव-शहर सगळ्यांना माहीत. भाडं टनावर मिळतं, हप्ता महिन्यावर भरायचा असतो आणि टायर, डिझेल तर थांबतच नाही. तात्यांच्या शब्दांत, "पासिंगवर गाडी चालवली तर गाडी जगती, मालक मरतोय."

आमच्या घरातली ती रात्र १९९५ च्या हिवाळ्यातली. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीची, एवढं नक्की. तात्या कोल्हापुरातून गूळ भरून गुजरातला निघाले होते. रस्त्यात वजन तपासणाऱ्या पथकानं गाडी अडवली. कायद्यात अशी सोय आहे की अधिकाऱ्याला शंका आली तर पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत काटा असेल, तिथं गाडी नेऊन तोलायला लावता येते. दहा किलोमीटरच्या आत काटा एकच होता. आबांचा.

साहेबांना नातं माहीत नव्हतं. आबा तेव्हा सत्तरीचे, कानटोपी घालून कंदिलाशेजारी बसलेले, कारण वीज गेली होती. तात्यांनी गाडी पाटावर चढवली. आबा बाहेर आले, चारी चाकं बघितली, तात्यांकडं बघितलं नाही. आत जाऊन दांडी तोलली. आकडा मोठ्यानं वाचला. चिठ्ठी लिहिली, सही केली.

किती जास्त भरलं? तात्या म्हणतात, तीस रवे. बाबा पन्नास सांगायचे. आत्या तिथं नव्हतीच, पण तिच्या सांगण्यात शंभर. मधला आकडा धरला तर दीड टन. दंड तेव्हा दोन हजार आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला एक हजार, शिवाय जादा माल स्वतःच्या जबाबदारीवर तिथंच उतरवायचा. रात्री अडीच वाजता तात्या, क्लीनर आणि शेवटी आबासुद्धा गुळाचे रवे उतरवून काट्याच्या ओट्यावर रचत होते, असं म्हणतात. आबा उतरवायला लागले का नाही यावर घरात दोन पक्ष आहेत. सकाळपर्यंत मुंग्या लागल्या यावर मात्र एकमत आहे.

पण तात्यांना दंडाचा राग नव्हता. गूळ रात्रभर उघड्यावर राहिला, त्याचाही नव्हता. सगळं झाल्यावर, साहेब गेल्यावर, आबांनी चिठ्ठी पुढं केली आणि म्हणाले, "वजनाचं धा रुपयं." तात्यांना वाटलं, चेष्टा करताहेत. आबांनी हात तसाच पुढं धरला. तात्यांनी नोट ठेवली आणि पुढं सात महिने बापाशी बोलले नाहीत. आत्याच्या मुलीच्या लग्नात दोघं शेजारी जेवायला बसले, तात्यांनी न सांगता आबांच्या पानात मीठ वाढलं, आणि तो विषय तिथं मिटला. म्हणजे बोलणं सुरू झालं. विषय कसला मिटतोय!

याच तात्यांचा उसाच्या हंगामातला चेहरा वेगळा. ऊसवाहतुकीला कारखाना टनावर पैसे देतो आणि शेतकऱ्याचं बिलही टनावरच. तेव्हा कारखान्याच्या काट्यावर चढताना गाडी जड भरावी म्हणून गणपतीला नवस, आणि महामार्गावर पथक दिसलं की तीच गाडी हलकी भरावी म्हणून त्याच गणपतीला नवस. आबा हसायचे. "देवानं कुठली दांडी धरायची?" शेतकरी कारखान्यावर जायच्या आधी गुपचूप आबांकडं गाडी तोलून घ्यायचे आणि दोन चिठ्ठ्या ताडून बघायचे. एका कारखान्यात, नाव घेत नाही, फरक इतका नेमानं यायचा की लोक आबांनाच सांगायचे, "तुमचा काटा जड हाय." काटा मारला जातो हा आमच्या भागातला फार जुना शब्द आहे. त्याच्या जोडीला बैलगाड्या. टायरगाडीवर उसाचा डोंगर आणि पुढं तोंडाला फेस आलेले बैल. बैलानं किती ओढावं याचेही नियम १९६५ सालचे आहेत. चाकाला हवेचा टायर आहे का, बेअरिंग आहे का, यावरून ओझं ठरतं. ते नियम घेऊन कुणी बैलगाडी काट्यावर आणल्याचं आबांनी एकदाही पाहिलं नाही.

वजनाचं झालं, मापाचीही एक भानगड असते. गाडीची रुंदी २.६ मीटर, उंची ३.८ मीटर, असे तेव्हाचे कायद्याचे आकडे. कडबा किंवा कापूस भरला की वजन थोडं आणि उंची फार. कडब्याच्या गाडीवर क्लीनर हातात बांबू घेऊन बसायचा, आणि गाव लागलं की विजेच्या तारा बांबूनं वर उचलून धरायचा. तात्या सांगतात, "खाली मी गिअर टाकायचो आन् वर त्यो रामरक्षा म्हनायचा." खंडाळ्याच्या घाटात अमृतांजन पूल जवळ आला की तात्या आपोआप मान खाली घालत. पूल खूप वर होता, पण सवय. त्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, त्याला बक्षिसाऐवजी गोळी मिळाली म्हणतात. त्या गोष्टीला कागद नसेल, पण तिथं नाणं टाकल्याशिवाय पुढं जाणारा ड्रायव्हर मी पाहिला नाही. अमृतांजन पूल १८३० चा. २०२० च्या एप्रिलात, सगळे घरात कोंडलेले असताना, तो उडवला. त्याच वर्षी मालट्रकांना ३.८ ऐवजी ४ मीटर उंची मोकळी झाली. तात्यांनी मोबाइलवर पुलाचा धुरळा तीनदा पाहिला आणि म्हणाले, "आता मान कुठं घालू?"

आबा २००३ साली गेले. शेवटी शेवटी ते काट्यावर नुसते बसायला जात. महामार्ग चारपदरी होत होता, रस्त्याकडेच्या चिंचा नि वड पडत होते, आणि खड्ड्यातल्या तरफा काढून तिथं लोडसेल बसवले होते. आबांनी ते हातात धरून पाहिले. मुठीएवढा लोखंडाचा तुकडा, त्यात एक बारीक तार. "ह्यो दहा टन उचलतोय?" उचलत नाही, दबला की त्याच्यातली वीज बदलते, असं बसवणाऱ्या पोरानं सांगितलं. आबा म्हणाले, "मग खरं बोलत असंल. दबल्यावर मानूसबी खरं बोलतोय."

पुढचं त्यांनी पाहिलं नाही. काही राज्यांनी आगाऊ पैसे भरून जास्त वजन नेण्याची मुभा देणारी पत्रकं काढली होती. २००५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केली. मुंबईची जकात जीएसटीबरोबर २०१७ च्या जुलैत गेली. आणि २०१८ च्या पावसाळ्यात ती अधिसूचना आली. सहाचाकीला १६.२ टनांचे साडेअठरा झाले, दहा टायरला पंचवीसचे साडेअठ्ठावीस. मी तात्यांना पेपर वाचून दाखवला. वाटलं, खूष होतील. ते गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे त्या राती मी जे भरलं हुतं, ते आता भरलं तर गुन्हा न्हाई?" गाडी दुसरी, हिशेब दुसरा, मी समजवायला लागले. त्यांनी हात हलवला. "धा रुपयं घेटलं रं माज्याकडनं."

माझी भाची रस्तेबांधणीत इंजिनिअर आहे. ती जेवता जेवता म्हणाली, "आजोबा, पण रस्त्याला विचारा की." आणि तिनं जे सांगितलं त्यानं माझा घास हातात राहिला. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सैन्यातल्या ड्रायव्हरांकडून रात्रंदिवस ट्रक फिरवून घेतले. निघालं ते असं की एक्सलवरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. भाराचा चौथा घात. २०१८ मध्ये चार टायरच्या एक्सलला १०.२ टनांचे ११.५ केले, भार वाढला आठवा हिस्सा, पण त्या एका फेरीतली झीज सव्वा नव्हे, दीडपटीहूनही जास्त. मी पुन्हा कॅल्क्युलेटर काढला. १.६ आलं. आबा इकडं शेरावर छटाक चढवत होते त्याच वर्षी तिकडं कुणी हे मोजत होतं, ही गंमत मला तेव्हा फार वाटली. तात्या म्हणाले, "मग खड्डं माजंच म्हन की!" भाचीनं त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली आणि विषय बदलला. दंड आता वीस हजार आणि वर टनाला दोन हजार आहे, हे तिनं सांगितलं नाही. मीही नाही.

गेल्या खंडेनवमीला आम्ही गावी होतो. तात्या सत्त्याहत्तरचे. म्हणाले, काट्यावर जाऊन येऊ. शेटजींच्या नातवानं जागा भाड्यानं दिलेली आहे; खड्डा नाही, पाट जमिनीवरच आहे, तीन बाजूंना कॅमेरे, आणि आबांच्या खोलीत एक पोरगा संगणकासमोर कानात यंत्र घालून बसलेला. झेंडूची माळ मात्र होती, मॉनिटरला. आम्ही अकरा जण पाटावर उभे राहिलो. पोरगा आधी घाबरला, मग हसायला लागला. खिडकीतून ओरडला, "गाडी नंबर टाकल्याशिवाय पावती निघत नाही!"

तात्यांनी बारा-दहाचा नंबर घडाघडा सांगितला. गाडी विकून पंचवीस वर्षं झाली असतील. भंगारातही उरली नसेल.

"मटेरियल काय टाकू?"

"घरचा म्हन."

पावती निघाली. ७१० किलो. पोरगा म्हणाला, "राहू दे आजोबा, माणसांचे काय पैसे घ्यायचे." तात्यांनी कोपरीच्या खिशातून दहाची नोट काढली, घडी उलगडली, आणि त्याच्या टेबलावर, की-बोर्डच्या बाजूला, तळव्यानं दाबून ठेवली.

"ठेव. आमच्या बानं सोडलं न्हवतं."